म्युनिकमध्ये दोन वर्षे वापरलेला ठाण्याचा तीन लिटरचा कुकर

सप्टेंबर २०२२ मध्ये मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी म्युनिकला गेले. घरून नेलेल्या वस्तूंपैकी शेवटच्या दिवसापर्यंत हाताशी राहिलेली वस्तू म्हणजे ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील भांड्यांच्या दुकानातून घेतलेला तीन लिटरचा स्टीलचा प्रेशर कुकर. इथे घेतलेले जाड जाकीट पहिल्याच डिसेंबरात अपुरे पडले, इस्त्री एकदाही पिशवीबाहेर निघाली नाही. कुकर मात्र आठवड्यातून पाच-सहा दिवस शेगडीवर चढत होता. मी परत आल्यापासून परदेशी निघालेल्या मुलांनी, आणि त्याहून अधिक त्यांच्या आयांनी, मला एकच प्रश्न विचारला आहे: कुकर न्यावा का, आणि न्यायचा तर कोणता? त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, असे प्रत्येक वेळी जाणवले म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव दिलेले नाही, कारण याच घडणीचे कुकर अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष त्या सगळ्यांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतील.

खरेदीपासूनच सुरुवात करते, कारण कुकर चांगला निघाला त्याचे निम्मे श्रेय दुकानाला आहे. कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातील त्या बाजारात आई गेली ती आमच्या घरी आहे तसाच पाच लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर घ्यायचा, असे ठरवूनच. दुकानातील काकांनी कुकर काढण्याआधी विचारले, "ताई, तिकडे शेगडी कसली आहे?" आम्हाला दोघींनाही ते माहीत नव्हते. तेव्हा त्यांनी गल्ल्याच्या खणातून एक लोहचुंबक काढला, अॅल्युमिनियमच्या कुकरच्या तळाला लावला आणि तो खाली पडू दिला. मग स्टीलच्या कुकरच्या तळाला लावला आणि तो तिथे घट्ट बसला. इंडक्शनच्या शेगडीवर चुंबक धरणारा तळच तापतो, आणि गॅस, कॉइल, काच किंवा इंडक्शन यांपैकी काय मिळेल याची खात्री नसेल तर चारही ठिकाणी चालेल असेच भांडे न्यावे, असे त्यांनी समजावले. स्टीलच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेला जाड तळ त्यांनी आग्रहाने दाखवला, कारण नुसते पातळ स्टील एकाच जागी तापते आणि डाळ खाली लागते. कुकरवरील आयएसआयचे चिन्ह आणि त्यासोबतचा आयएस २३४७ हा मानकाचा क्रमांक त्यांनी स्वतःहून दाखवला. पाच लिटरचा कुकर मात्र त्यांनी काढलाच नाही. एकट्या माणसाने मोठ्या कुकरात वाटीभर डाळ लावली तर वाफ भरायलाच वेळ जातो, तीन लिटर पुरे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते पुढे तंतोतंत खरे ठरले.

कुकरला दोन हजार सातशे रुपये पडले. झाकणाच्या दोन जादा रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन जा, असेही काकांनी सांगितले होते. मी एक रिंग घेतली आणि व्हॉल्व्ह नको म्हटले. त्या नकाराची किंमत पुढे येईलच. शेवटी त्यांनी आईला विचारून कुकरच्या कडेवर माझे नाव कोरून दिले, जसे आपल्याकडे लग्नातल्या आणि वास्तुशांतीच्या भांड्यांवर कोरतात. त्या वेळी मला त्याचे काहीच वाटले नव्हते, पण दहा जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात, जिथे चमच्यापासून तव्यापर्यंत सगळे हळूहळू सगळ्यांचे होऊन जाते, तिथे देवनागरी अक्षरे असलेले ते भांडे कोणाचे आहे हे वर्षभरात कोणालाही विचारावे लागले नाही.

सामानाचा विचार करता हा कुकर झाकणासह दोन किलोंच्या थोडा वर भरतो, आणि २३ किलोंच्या बॅगेत दोन किलो म्हणजे लहान वाटा नव्हे. मात्र त्याची पोकळी वाया घालवली नाही तर तो जागा खात नाही. आम्ही त्यात गोडा मसाला, मेतकूट, हिंगाची डबी आणि भाजणीच्या घट्ट बांधलेल्या पुड्या भरल्या आणि शिटी काढून मोज्यात गुंडाळून ठेवली. कुकर मोठ्या बॅगेतच ठेवावा. हातातल्या बॅगेत ठेवला तर तपासणीला तो उघडून दाखवण्यात वेळ जातो. तूप मात्र भरू नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दूध आणि मांस यांचे पदार्थ आणण्यास तिथे बंदी आहे, आणि त्यात तूप, पेढे, खवा हे सगळे येते. त्याचे दुःखही करू नये, कारण जर्मनीतले बिनमिठाचे लोणी पाव किलोच्या वड्यांत मिळते आणि त्याचे तूप उत्तम कढते.

मी पोहोचले तेव्हा शहरात ऑक्टोबरफेस्ट चालू होता. साथीमुळे दोन वर्षे रद्द झालेला उत्सव त्या वर्षी पुन्हा भरला होता, त्यामुळे तात्पुरत्या खोलीलाही भरमसाट भाडे पडत होते आणि वसतिगृहातील खोली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ताब्यात आली. तिथल्या स्वयंपाकघरात गुळगुळीत काळ्या काचेची विजेची शेगडी होती. पाहणाऱ्याला ती इंडक्शनसारखीच वाटते, पण तिच्याखाली तापणारी तार असते आणि तिचा स्वभाव गॅसच्या अगदी उलट असतो. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. पहिल्या दिवशी मी ठाण्याच्या सवयीने डाळ-तांदूळ लावले आणि शिटीची वाट पाहत उभी राहिले. शिटी व्हायला पंधरा मिनिटे लागली. तीन शिट्या झाल्यावर बटण बंद केले, तर नंतर आणखी तीन झाल्या, आणि खालच्या भांड्याबाहेरचे पाणी आटून गेले. आईला विचारावे तर तिथे रात्रीचे साडेआठ म्हणजे ठाण्यात मध्यरात्र. उन्हाळ्यात साडेतीन तासांचे असलेले हे अंतर ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेली की साडेचार तासांचे होते. त्यामुळे कुकरची उत्तरे मला कुकरकडूनच शोधावी लागली.

दोन आठवड्यांच्या प्रयोगानंतर जी रीत बसली ती सांगते, कारण काचेच्या शेगडीवर कुकर वापरणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल. शिट्या मोजणे सोडून द्यावे आणि मिनिटे मोजावीत. शेगडी सर्वांत वरच्या अंकावर ठेवून पहिली शिटी होऊ द्यावी, मग अंक नऊवरून तीनवर आणावा, तूरडाळीला बारा मिनिटे आणि मसुराला पाच मिनिटे द्यावीत, आणि बटण बंद करताच कुकर उचलून शेजारच्या गार चकतीवर ठेवावा. ही शेवटची कृती सर्वांत महत्त्वाची आहे. तळ जाड असल्यामुळे मंद आचेवर आतली वाफ टिकून राहते, आणि एरवी शिटीवाटे जी वाफ उगाच बाहेर जाते ती जात नाही. शिट्यांची संख्या ही गॅसच्या आचेवर बसवलेली खूण आहे. खरे मोजायचे असते ते आतल्या दाबाखाली गेलेले मिनिटांचे माप, हे अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मला काचेच्या शेगडीने शिकवले.

म्युनिकमध्ये कुकर नसता तर डाळ शिजली असती का? शिजली असती, पण त्याला जो वेळ लागला असता तो विद्यार्थ्याकडे नसतो. याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. हा फरक लहान आहे. दुसरे कारण मोठे आहे आणि ते नळाच्या पाण्यात आहे. म्युनिकला आल्प्सच्या पायथ्याकडील मांगफाल खोऱ्यातून येणारे पाणी चवीला निर्मळ आणि थेट पिण्याजोगे आहे, पण चुनखडीच्या प्रदेशातून येत असल्याने ते जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त आहेत. डाळीच्या दाण्यातील पेशींना सांधणारे पेक्टिन शिजताना विरघळले तर डाळ मऊ होते. पाण्यातले कॅल्शियम त्या पेक्टिनला धरून ठेवते आणि डाळ कितीही उकळली तरी टणक राहते. वसतिगृहातल्या एका कोल्हापूरच्या मुलाने उघड्या भांड्यात तूरडाळ सव्वा तास शिजवून शेवटी ती गाळून टाकून दिलेली मी पाहिली आहे. कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान १२० अंशांच्या जवळ जाते आणि तिथे जड पाण्याचेही काही चालत नाही. राजमा आणि छोले रात्रभर भिजवून, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून लावले की अर्ध्या तासात बोटाने चेपतील इतके शिजत. ठाण्यात कुकर वेळ वाचवतो. म्युनिकमध्ये तो डाळ खाणे शक्य करतो, इतका हा फरक मोठा आहे.

आता रोजच्या दिवसात त्याची जागा कोणती होती ते लिहिते. माझे वर्ग शहराच्या उत्तरेला गार्शिंगच्या संकुलात असत. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे खानावळीत, होत असे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न संध्याकाळचा असे. बव्हेरियात दुकाने रात्री आठला बंद होतात आणि रविवारी, मोठ्या स्थानकांतली थोडी दुकाने सोडली तर, उघडतच नाहीत. ग्रंथालयातून साडेआठला खोलीवर पोहोचणाऱ्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात: बाहेर जाऊन दहा-बारा युरो मोजणे किंवा थंड पाव-चीज खाणे. कुकर असल्यावर तिसरी वाट निघते. आल्याबरोबर तांदूळ आणि मसुराची डाळ धुऊन लावायची, तेवढ्यात आंघोळ उरकायची, आणि पाऊण तासात खिचडी ताटात. मसुराची डाळ तिथल्या कोणत्याही दुकानात लाल लिन्सेन म्हणून मिळते. तूरडाळ, पोहे, चांगला बासमती यांसाठी मी महिन्यातून एकदा मुख्य स्थानकाजवळच्या गोएथेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासे या रस्त्यांवरील दुकानांत जात असे. आपल्याकडचा नवलकोल तिथे कोलराबी म्हणून घरोघरी खातात, आणि शेपू तर जर्मन स्वयंपाकात मासे-काकडीबरोबर इतका वापरतात की बारा महिने मिळतो. शेपू घालून मुगाची डाळ मी ठाण्यात कधी आवडीने खाल्ली नव्हती. म्युनिकमध्ये ती आठवड्याला एकदा होऊ लागली.

पैशांचा हिशेब सांगितल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च बंद खात्यात आधीच ठेवावा लागतो आणि तो महिन्याच्या हप्त्याने हाती येतो. मी गेले तेव्हा ती रक्कम १०,३३२ युरो होती, म्हणजे महिन्याला ८६१ युरो. जानेवारी २०२३ पासून ती ११,२०८ झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. म्युनिकसारख्या महागड्या शहरात ८६१ युरोंतून भाडे गेले, आरोग्यविम्याचे शंभराहून अधिक युरो गेले, की हातात जे राहते त्यात जेवणाचा खर्च हीच एक अशी बाब आहे जी आपल्या हाताने कमी करता येते. माझ्या वहीप्रमाणे घरी केलेल्या वरण-भाताच्या एका जेवणाला एक युरोही पडत नसे. कुकरची किंमत पहिल्या महिन्यातच वसूल झाली, हे मी नोंदींवरून सांगत आहे.

शिटीच्या आवाजाविषयी वेगळे लिहावे लागेल. ज्या माणसाने आयुष्यात कुकर ऐकलेला नाही त्याला ती शिटी धोक्याची सूचना वाटते, आणि तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या मजल्यावरची एक स्पॅनिश मुलगी खरोखर घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर गेली. मी तिला बोलावून झाकण, शिटी, रिंग सगळे उघडून दाखवले आणि वाफ कुठून जाते ते सांगितले, तेव्हापासून तीच नवीन आलेल्यांना समजावू लागली. जर्मनीत साधारण रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ घरांच्या नियमावलीत लिहिलेली असते आणि रविवारी दिवसभर आवाजाचे भान ठेवावे लागते. म्हणून दहानंतर कुकर लावायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि पाळला. मंद आचेच्या रीतीमुळे शिट्याही एक-दोनवर आल्या होत्या. या निमित्ताने एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्या भांड्याला तिथले लोक परदेशी समजतात त्याचा मूळ पुरुष, फ्रान्सचा दनी पापँ, याने १६७९ मध्ये लंडनमध्ये आपले वाफेचे भांडे दाखवले, त्याला सुरक्षेची झडप बसवली, आणि पुढे तो जर्मनीतच मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक होता. हे मी एकदा जेवताना सांगितले, तेव्हा टेबलावरच्या तिन्ही जर्मन मुलांना ते नवीन होते.

आता त्या व्हॉल्व्हविषयी. फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षा चालू होत्या. दोन दिवसांचे एकदमच करून ठेवावे म्हणून मी मसुराची डाळ कुकरमध्ये थेट लावली आणि पाणी धरून कुकर दोनतृतीयांश भरला. फेसाळणाऱ्या डाळींना निम्म्याच्या वर जायचे नसते, हे सूचनापत्रकात लिहिलेले होते आणि मला माहीतही होते. वर मी कुकर तसाच सोडून खोलीत वाचायला गेले. डाळीचा फेस वर चढून वाफेच्या नळीत बसला, शिटी होईना, आणि दाब वाढत गेल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हने आपले काम केले: त्यातली कमी तापमानाला वितळणारी धातूची चकती वितळली आणि वाफेबरोबर पिवळी डाळ ओट्यावर, भिंतीवर आणि वरच्या कपाटांवर उडाली. त्या वेळी तिथे कोणी नव्हते. कोणी असते तर, या विचाराने माझे हात बराच वेळ कापत होते. दोष संपूर्णपणे माझा होता. कुकरने जे करायला हवे तेच केले, आणि चुकीच्या वेळी योग्य जागी हार मानणारा तो छोटासा तुकडा किती मोलाचा आहे हे मला त्या रात्री भिंत पुसताना कळले.

त्यानंतरचे दहा दिवस मी कुकरशिवाय काढले, कारण त्या मापाचा व्हॉल्व्ह मला म्युनिकमध्ये कुठे मिळाला नाही. बाबांनी जांभळी नाक्यावरून दोन व्हॉल्व्ह घेतले आणि डोंबिवलीहून म्युनिकला परतणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर पाठवले. त्यांची किंमत एका वडापावापेक्षा फार जास्त नव्हती. त्या दहा दिवसांत मी डब्यातला राजमा खाल्ला, उघड्या भांड्यात मसूर शिजवत चाळीस-चाळीस मिनिटे शेगडीपाशी उभी राहिले आणि तीनदा बाहेर जेवले. वहीत त्या दहा दिवसांच्या जेवणाचा खर्च नेहमीच्या दुपटीहून अधिक निघाला. खर्चापेक्षा मला जास्त जाणवले ते असे, की संध्याकाळी परतताना "आज काय खायचे" हा प्रश्न पुन्हा डोक्यात येऊ लागला. कुकर असताना तो प्रश्न पडत नव्हता, हे तो नसताना लक्षात आले. परीक्षेच्या दिवसांत मनावरचे एवढेसे ओझे कमी असणेही फार मोठे असते.

दुसऱ्या वर्षी मी दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेले आणि तिथे इंडक्शनची शेगडी निघाली. कुकर बदलावा लागला नाही. दुकानातल्या त्या लोहचुंबकाची आठवण तेव्हा कृतज्ञतेने झाली. इंडक्शनवर हा कुकर गॅसपेक्षाही चपळ वागतो, चार-पाच मिनिटांत शिटी देतो आणि आच कमी करताच शांत होतो. फक्त कुकरमध्ये निदान पेलाभर पाणी आहे ना याची खात्री करावी, कारण इथे तळ इतक्या झपाट्याने तापतो की कोरडा कुकर क्षणात करपेल. त्या घरातल्या जर्मन मैत्रिणीकडे तिच्या आजीचा जर्मन बनावटीचा प्रेशर कुकर होता आणि आम्ही दोन्ही आलटून पालटून वापरले, म्हणून तुलना प्रामाणिकपणे करता येते. तिचा कुकर शिटी देत नाही, झाकणातून वर येणाऱ्या दांडीवरच्या रेघांनी दाब दाखवतो, त्याचा तळ आणखी जाड आहे आणि भाजीसाठी कमी व डाळींसाठी जास्त असे दाबाचे दोन टप्पे त्यात आहेत. भांडे म्हणून तो सरसच आहे. पण तिथे नव्या कुकरला सहज शंभर-दीडशे युरो पडतात, आणि आपली एकावर एक बसणारी भांडी, ज्यांत खाली डाळ आणि वर भात एकाच वेळी होतो, ती त्याच्याबरोबर येत नाहीत. दोन वर्षांसाठी गेलेल्या विद्यार्थ्याने तो विकत घ्यावा असे मला वाटत नाही.

आमच्या कुकरचे दोष असे, की मुठीचे स्क्रू दर दोन महिन्यांनी ढिले होतात आणि ते वेळेवर आवळले नाहीत तर झाकण बसवताना मूठ डुगडुगते. रिंग वर्षभरात कडक झाली आणि कडेने वाफ सोडू लागली. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवल्याने ती आणखी महिनाभर चालली, पण शेवटी बदलावीच लागली, म्हणून दोन वर्षांसाठी दोन जादा रिंगा हा काकांचा हिशेब बरोबर होता. जड पाण्यामुळे आतून पांढरा थर चढतो. तो कुकरचा दोष नाही, पण दर पंधरा दिवसांनी लिंबूसत्त्व घालून पाणी उकळावे लागते आणि वाफेची नळी सुईने साफ करावी लागते. तीन लिटरची मर्यादा पाहुणे आले की जाणवते. गणेशोत्सवात आमच्याकडे नऊ जण जेवायला होते, तेव्हा वरण तीनदा लावावे लागले आणि मोदकांची उकड काढून होईपर्यंत भात गार झाला होता. तरीही त्या एका दिवसासाठी उरलेले सगळे दिवस पाच लिटरचा कुकर घासत बसणे मला पटले नसते.

ज्यांच्या वसतिगृहात जेवणाची सोय भाड्यातच आहे, किंवा जिथे खोलीत शिजवायलाच बंदी आहे, त्यांनी कुकर नेऊ नये. बाकीच्यांनी आधी स्वयंपाकघराचे छायाचित्र मागवावे. आणि कुकर लावायला ठाण्यातच, जायच्या आधी महिनाभर, स्वतःच्या हाताने शिकावे. मी निघण्यापूर्वी आईने मला रोज कुकर लावायला लावला असता, तर काचेच्या शेगडीशी झगडताना निदान डाळ-पाण्याचे प्रमाण तरी चुकले नसते.

माझा कुकर मी परत आणला नाही. वसतिगृहात नव्याने आलेल्या नाशिकच्या एका मुलीला तो दोन व्हॉल्व्ह आणि एका कोऱ्या रिंगेसह दिला. त्यावर माझे नाव आहे तसेच आहे आणि तिला त्याची हरकत नाही. परवा ऐरोलीचा माझा मामेभाऊ जर्मनीला निघायचा म्हणून मी, मामी आणि तो त्याच दुकानात गेलो. काकांनी मला ओळखले नाही, ते साहजिक आहे. त्यांनी मामींना विचारले, "ताई, तिकडे शेगडी कसली आहे?" या वेळी आमच्याकडे उत्तर होते: भावाने वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे छायाचित्र आधीच मागवून ठेवले होते, ते त्याने पुढे केले, आणि काकांनी चष्मा वर करून ते नीट पाहिल्यावर तीन लिटरचा स्टीलचा कुकर, दोन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवले.